विश्लेषण : चुंबकत्व हरपते ते नेमके कशाने? पिएर क्युरींची भट्टी आणि लेझरचा स्पंद

निकेलचा तुकडा चुंबकाला चिकटतो. तोच तुकडा साधारण ३५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की चिकटेनासा होतो आणि थंड झाला की पुन्हा चिकटतो. लोखंडासाठी हा आकडा ७७० अंश आहे, कोबाल्टसाठी अकराशेच्या वर. चुंबकीय पदार्थाच्या या ठरावीक तापमानाला क्युरी तापमान म्हणतात. क्युरी म्हटले की आपल्याला रेडियम आणि मादाम क्युरी आठवतात. हे नाव मात्र त्यांचे पती पिएर यांच्यावरून पडले आणि त्याचा रेडियमशी काही संबंध नाही.

१९९६ मध्ये फ्रान्समधल्याच स्ट्रासबर्ग शहरात निकेलच्या अतिपातळ थरावर लेझरचा एक अतिसूक्ष्म स्पंद, म्हणजे पल्स, मारण्यात आला. एकदोन पिकोसेकंदांत त्या थराचे चुंबकत्व जवळपास निम्म्यावर आले. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या झटपट हे होईल असे कोणाला वाटले नव्हते. क्युरींनी भट्टीत जे तापमान मोजले ते नेमके कशाचे तापमान, असा पेच तेव्हापासून भौतिकशास्त्रासमोर आहे. तो समजून घ्यायचा तर आधी ती भट्टी आणि ती पेटवणारा माणूस पाहायला हवा.

शाळेत न गेलेला विद्यार्थी

पिएर क्युरी यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील युजीन डॉक्टर होते. १८७१ च्या पॅरिस कम्युनच्या उठावात त्यांनी घरातच जखमींसाठी दवाखाना थाटला होता. पिएर यांना त्यांनी शाळेत घातले नाही. एका विषयात शिरले की दुसरीकडे वळणे या मुलाला जमत नसे आणि शाळेच्या तासिकांत तो मागे पडला असता, हे घरच्यांनी ओळखले होते. आईवडील, थोरला भाऊ जाक आणि पुढे गणिताचे एक शिक्षक यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. सोळाव्या वर्षी ते पदवीपूर्व परीक्षा आणि अठराव्या वर्षी विज्ञानाची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे शिकायला पैसे नव्हते, म्हणून सॉर्बन विद्यापीठात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी धरली.

१८८० मध्ये पिएर आणि जाक या भावांनी क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो हे दाखवून दिले. हीच पीझोविद्युत. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळापासून सोनोग्राफीच्या प्रोबपर्यंत ती आज सगळीकडे आहे. तेव्हा पिएर एकवीस वर्षांचे होते.

जिन्याजवळच्या बोळातला प्रयोग

१८८२ मध्ये पॅरिस महापालिकेने भौतिकी आणि औद्योगिक रसायनशास्त्राची एक शाळा काढली. पिएर तिथे प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. पद मोठे असले तरी पगार महिना तीनशे फ्रँकच्या आसपास, म्हणजे एखाद्या कारखान्यातल्या कुशल कामगाराइतका होता. दिवसाचा बराच वेळ विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेण्यात जाई आणि स्वतःच्या संशोधनासाठी खोलीच नव्हती. जिना आणि प्रयोगाची तयारी करण्याची खोली यांच्यामध्ये एक बोळ होता. चुंबकत्वावरचे बरेचसे काम त्यांनी त्या येण्याजाण्याच्या वाटेत उभे राहून केले.

लोखंड लालबुंद तापले की त्याचे चुंबकत्व जाते ही गोष्ट क्युरींनी शोधलेली नाही. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली छापलेल्या ग्रंथात ती आहे आणि लोहारांना त्याआधीही ती माहीत असणार. क्युरींच्या थोडे आधी, १८८९ मध्ये, जॉन हॉपकिन्सन यांनी लोखंडावर तापमानासह बारकाईची मोजमापे केली होती. क्युरींनी केले ते वेगळे. लोखंड, निकेल, ऑक्सिजन, बिस्मथ असे एकमेकांशी काहीही नाते नसलेले वीसेक पदार्थ त्यांनी एकाच पद्धतीने, नेहमीच्या तापमानापासून तेराशे अंशांच्याही वरपर्यंत तापवून मोजले.

पद्धत अशी. पदार्थाचा छोटासा नमुना तारेला टांगलेल्या दांडीच्या टोकाला, तापवता येणाऱ्या नळीत ठेवायचा. शेजारी शक्तिशाली विद्युतचुंबक. चुंबकाने नमुना ओढला किंवा ढकलला की तारेला पीळ बसतो. पीळ किती पडला त्यावरून बल कळते. लोखंडाचे ठीक आहे, पण ऑक्सिजन किंवा बिस्मथवर पडणारे बल अगदी क्षीण असते. शेजारी भट्टी धगधगत असताना आणि शेजारून माणसे ये-जा करत असताना ते मोजायचे. आम्ही इंजिनीअरिंगला चुंबकत्वाचा बी-एच आलेख काढला होता. त्या तक्त्यात तापमानाचा रकानाच नव्हता. क्युरींचा सगळा डाव त्या एका रकान्यावर होता.

१८९५ च्या मार्चमध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी हा प्रबंध मांडला. त्यातून पदार्थांचे तीन गट स्पष्ट झाले. बिस्मथसारखे पदार्थ चुंबकापासून किंचित दूर ढकलले जातात आणि तापमानाने त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. ऑक्सिजनसारखे पदार्थ किंचित ओढले जातात आणि ही ओढ निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे तापमान दुप्पट केले की ओढ निम्मी होते. याला क्युरींचा नियम म्हणतात. तिसरा गट लोखंड आणि निकेलचा. त्यांचे चुंबकत्व तापवताना आधी सावकाश घटते, मग एका तापमानाजवळ कोसळते आणि त्याच्यावर हे धातूही दुसऱ्या गटासारखेच वागू लागतात. हा बदल वायूचा द्रव होण्यासारखा आहे, असे साम्यही क्युरींनी दाखवले होते. एका आलेखावर दुसऱ्याच विषयाचा आलेख ठेवून पाहण्याची ही सवय त्यांच्या कामात सगळीकडे दिसते.

क्युरी तापमानाचा उपयोग अनेकांच्या स्वयंपाकघरात आहे. विजेच्या राइस कुकरच्या तळाशी शंभराच्या जरा वर क्युरी तापमान असलेला एक चुंबकीय तुकडा बसवलेला असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या पुढे जात नाही. तांदळाने पाणी शोषले की तापमान चढते, त्या तुकड्याचे चुंबकत्व जाते, स्प्रिंग सुटते आणि कुकर खट् करून बंद होतो.

मेरी, रेडियम आणि पावसातला रस्ता

पोलंडहून शिकायला आलेल्या मारिया स्क्लोदोव्स्का पिएर यांना १८९४ च्या वसंतात भेटल्या. त्यांच्याकडे पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांचे काम आले होते आणि त्या त्यासाठी जागा शोधत होत्या. एका पोलिश भौतिकशास्त्रज्ञाने दोघांची ओळख करून दिली. म्हणजे या जोडप्याला जवळ आणणारा विषय किरणोत्सार नव्हता, चुंबकत्व होते. २६ जुलै १८९५ रोजी त्यांचे लग्न झाले. भेट म्हणून मिळालेल्या पैशांतून दोघांनी सायकली घेतल्या आणि त्यांवरून ग्रामीण फ्रान्स पालथा घातला.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. १८९८ मध्ये पिएर आपले स्फटिकांवरचे काम बाजूला ठेवून मेरींच्या संशोधनात उतरले. त्याच वर्षी पोलोनियम आणि रेडियम सापडले आणि १९०३ मध्ये हेन्री बेकेरेल यांच्यासह दोघांना नोबेल मिळाले. पिएर यांनी जाकसोबत बनवलेले पीझोविद्युत मोजमापाचे उपकरण नसते, तर त्या क्षीण किरणांची मोजणी करता आली नसती, एवढे इथे नोंदवायला हवे. मानमरातबाची त्यांना हौस नव्हती. फ्रान्स सरकारचा किताब त्यांनी नाकारला. विज्ञान अकादमीने १९०२ मध्ये त्यांना डावलले आणि १९०५ मध्ये घेतले. सॉर्बनमध्ये प्राध्यापकपद मिळाले ते १९०४ मध्ये, नोबेलनंतर.

१९ एप्रिल १९०६ रोजी दुपारी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. पाँ नफ पुलाजवळ र्‍यू दोफिन ओलांडताना पिएर घसरून घोड्यांच्या मालगाडीपुढे पडले. लष्करी गणवेशांनी लादलेल्या त्या गाडीचे मागचे चाक डोक्यावरून गेले आणि ते जागीच गतप्राण झाले. वय ४६. किरणोत्साराने त्यांची प्रकृती तोवर खालावलेली होती. पाय दुखत, चालणे जड झाले होते. त्यांच्या जागी सॉर्बनने मेरींना नेमले. नोव्हेंबरमधल्या पहिल्या व्याख्यानात पतीने जिथे विषय सोडला होता, तिथूनच त्यांनी पुढे सुरुवात केली.

क्युरी स्ट्रासबर्गला कसे पोहोचले?

चुंबकत्वाचे काम मात्र दुसऱ्यांनी पुढे नेले. पिएर यांचेच विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी १९०५ मध्ये क्युरींच्या नियमाची कारणमीमांसा दिली : प्रत्येक अणू एक छोटा चुंबक आहे आणि उष्णतेची धडपड त्या चुंबकांना एका दिशेला राहू देत नाही. १९०७ मध्ये पिएर वाइस यांनी त्यात एक भर घातली. लोखंडातले अणू एकमेकांना एका दिशेत धरून ठेवतात आणि उष्णता या पकडीवर मात करते ते तापमान म्हणजे क्युरी तापमान. ही पकड कुठून येते हे पुंजयामिकी आल्यावर, १९२८ मध्ये, हायझेनबर्ग यांनी दाखवले. अल्सास प्रांतात जन्मलेले वाइस पहिल्या महायुद्धानंतर स्ट्रासबर्गला आले आणि तिथे चुंबकत्वाच्या अभ्यासाची परंपरा रुजली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या लुई नेएल यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले. १९९६ चा प्रयोग याच शहरात व्हावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

साठ फेम्टोसेकंद म्हणजे किती?

हा प्रयोग बोरपेर, मेर्ल, दोन्वा आणि बिगो या चौघांचा. निकेलचा थर २२ नॅनोमीटर जाडीचा होता. लेझरचा स्पंद ६० फेम्टोसेकंदांचा, आणि एक फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग. सेकंदात तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश ६० फेम्टोसेकंदांत जेमतेम १८ मायक्रोमीटर जातो. माणसाच्या केसाची जाडीही त्याहून जास्त असते.

इतका छोटा वेळ कोणतेही इलेक्ट्रॉनिक घड्याळ मोजू शकत नाही. म्हणून वेळ अंतराने मोजतात. एकाच लेझरचा स्पंद दोन भागांत फोडायचा. जोरकस भाग धातूला धक्का देतो आणि क्षीण भाग थोड्या वेळाने येऊन धातूची अवस्था टिपतो. क्षीण स्पंदाच्या वाटेतला आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला की त्याला जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्त चालावे लागते आणि तो बरोबर एक पिकोसेकंद उशिरा पोहोचतो. आरसा थोडा थोडा सरकवत गेले की चुंबकत्वाच्या पडझडीची चित्रफीतच तयार होते. तपासणीचे तंत्रही जुनेच आहे. चुंबकावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित वळते, हे स्कॉटलंडचे जॉन केर यांनी १८७० च्या दशकात पाहिले होते. ती किती वळली त्यावरून चुंबकत्व किती उरले ते कळते.

त्याआधी असा समज होता की लेझर आधी इलेक्ट्रॉनना तापवतो, ते अणूंच्या जाळीला तापवतात आणि जाळीची उष्णता चुंबकत्वापर्यंत पोहोचायला शंभरेक पिकोसेकंद तरी लागतात. गॅडोलिनियम धातूवरच्या मोजमापांनी त्याला दुजोराही दिला होता. निकेलने हे गणित मोडले. पुढच्या प्रयोगांत तर ही घसरण एका पिकोसेकंदाच्याही आत, शंभर-दोनशे फेम्टोसेकंदांत दिसली.

मग तापमान कशाचे?

क्युरींच्या भट्टीत सगळे सावकाश तापत होते. त्यामुळे निकेलमधले इलेक्ट्रॉन, अणूंची जाळी आणि अणूंचे छोटे चुंबक, ज्यांना आज आपण स्पिन म्हणतो, हे तिघेही एकाच तापमानाला असत. एक तापमापक तिघांना पुरत होता.

लेझरचा स्पंद हा सलोखा राहू देत नाही. प्रकाशाची ऊर्जा आधी फक्त इलेक्ट्रॉन घेतात. त्यांची उष्णता साठवण्याची क्षमता अगदी कमी असल्याने ते क्षणात भयंकर तापतात, तर जाळी अजून गारच असते. काही काळ एकाच धातूत तीन वेगळी तापमाने नांदतात. स्ट्रासबर्गच्या गटाने हेच तीन तापमानांचे प्रारूप मांडले. जाळी क्युरी तापमानाच्या जवळपासही गेलेली नसताना चुंबकत्व घसरायला लागते, असे मोजमापांत दिसत होते. म्हणजे क्युरींचा आकडा बरोबर आहे. पण तो सगळे स्थिरस्थावर झाल्यानंतरचा आहे.

गॅडोलिनियमची गोष्ट इथे फार बोलकी आहे. त्याचे क्युरी तापमान केवळ वीसेक अंश. मे महिन्यातल्या कोणत्याही खोलीत ते चुंबकत्व गमावेल. क्युरी तापमान एवढे कमी, तर लेझरखाली ते सर्वांत झटपट कोसळायला हवे. होते उलट. ते निकेलच्या मानाने कितीतरी रेंगाळते, आधी थोडे झटकन आणि उरलेले दहापट-शंभरपट सावकाश. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या बर्ट कूपमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचा उलगडा सुचवला : क्युरी तापमान आणि प्रत्येक अणूचे चुंबकीय बळ यांचे गुणोत्तर पाहायला हवे. निकेलच्या अणूचे बळ लहान आणि पकड मोठी; गॅडोलिनियमचे नेमके उलट. क्युरींचा आकडा या सूत्रातही आहेच, फक्त एकटा नाही.

फिरण्याचा हिशेब कोण देणार?

मला या सगळ्यात सर्वांत अवघड वाटतो तो पुढचा भाग, आणि तिथे पुन्हा पिएर क्युरी भेटतात. १८९४ मध्ये, प्रबंधाच्या एक वर्ष आधी, त्यांनी सममितीवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात त्यांनी दाखवले की विद्युतक्षेत्राची सममिती बाणासारखी आहे, तर चुंबकीय क्षेत्राची स्वतःभोवती फिरणाऱ्या दंडगोलासारखी. चुंबकत्व आणि फिरणे ही एका घराण्यातली माणसे, असे म्हणा ना. इलेक्ट्रॉनचा स्पिन तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

ही तुलना पुढे शब्दशः खरी ठरली. १९१५ मध्ये आइनस्टाइन आणि द हास यांनी टांगलेल्या लोखंडी कांडीचे चुंबकत्व पालटले तेव्हा ती कांडी खरोखर फिरली. चुंबकत्वात फिरण्याचा साठा असतो. त्याला कोनीय संवेग म्हणतात आणि तो नाहीसा होऊ शकत नाही, फक्त दुसऱ्याकडे जातो. मग निकेलचे चुंबकत्व इतक्या झटपट निम्मे झाले, तर तो साठा गेला कुठे? लेझरच्या प्रकाशाने नेला म्हणावे, तर त्यातल्या फोटॉनांची संख्या त्याला पुरत नाही.

यावर दोन तट पडले. स्वीडनमधल्या उप्सालाच्या सिद्धान्तकारांनी २०१० मध्ये मांडले की, तापलेले इलेक्ट्रॉन आपले स्पिन घेऊन शेजारच्या थरात पळून जातात, म्हणजे हिशेब जागेवर मिटत नाही, दुसरीकडे वळता होतो. दुसरा तट म्हणाला की साठा जागच्या जागी अणूंच्या जाळीत उतरतो. २०१९ मध्ये लोखंडाच्या थरावर क्ष-किरणांनी केलेल्या प्रयोगात जाळीला बसलेला पीळ दिसला. आइनस्टाइन-द हास प्रयोगाचीच ही अतिवेगवान आवृत्ती. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्झच्या गटाने इलेक्ट्रॉनांच्या झोताने निकेलचे स्फटिक पाहिले, तेव्हा अणू आपल्या जागी छोट्या गोल फेऱ्या घेऊ लागल्याची चिन्हे मिळाली. फिरण्याचा बराच साठा जाळीत अतिशय लवकर पोहोचतो, याचा हा भक्कम पुरावा आहे. पण थरांचे सँडविच केले की पळणारे इलेक्ट्रॉनही दिसतात. कोणत्या धातूत कोणाचा वाटा किती, यावर वाद चालू आहे.

उपयोग काय?

हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय ठिपक्यांच्या रूपात असते. ठिपके लहान करायचे तर पकड मजबूत असलेला पदार्थ लागतो आणि मग लिहिणाऱ्या चुंबकाची ताकद त्याला पुरत नाही. उपाय क्युरींचाच. लोह-प्लॅटिनमच्या थरावर लेझरने तेवढाच ठिपका क्युरी तापमानाजवळ नेायचा, चुंबकत्व ढिले पडले की लिहून घ्यायचे आणि लगेच गार होऊ द्यायचे. सीगेट कंपनीने २०२४ मध्ये या तंत्राच्या ३० टेराबाइट आणि त्याहून मोठ्या डिस्क जाहीर केल्या. यात तापणे-निवणे नॅनोसेकंदांत होते. फेम्टोसेकंदांच्या मानाने ती क्युरींची भट्टीच म्हणायची.

त्यापुढची पायरी प्रयोगशाळेत आहे. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेन विद्यापीठात गॅडोलिनियम, लोह आणि कोबाल्टच्या मिश्रधातूवर ४० फेम्टोसेकंदांचा स्पंद टाकून, बाहेरचा कोणताही चुंबक न वापरता, चुंबकत्वाची दिशा उलटवण्यात आली. काही वर्षांतच असेही दिसले की अशा मिश्रधातूला नुसती झटक्याने दिलेली उष्णता पुरते. लोह चटकन ढिले पडते आणि गॅडोलिनियम रेंगाळते, तेवढ्या वेळेच्या फरकात दिशा पालटते. यंत्र म्हणून हे बाजारात यायला मोठे अडथळे आहेत. लेझरचा ठिपका प्रकाशाच्या तरंगलांबीहून फारसा लहान करता येत नाही, तर डिस्कवरचे ठिपके त्याच्या कितीतरी पट लहान हवेत. शिवाय फेम्टोसेकंद लेझर अजून टेबल व्यापतो; तो चिपवर बसेल इतका छोटा आणि स्वस्त झालेला नाही.